मुलाला मोठ्याची शिक्षा का नको?

एखाद्या भीषण गुन्ह्यात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पकडला गेला की चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : गुन्हा करताना तो मोठा होता, मग शिक्षा भोगताना लहान कसा? डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर हा प्रश्न देशभर विचारला गेला. आरोपींपैकी एकाला अठरा पूर्ण व्हायला काही महिने बाकी होते. कायद्यानुसार त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येत होतं. डिसेंबर २०१५ मध्ये तो बाहेर आला, तेव्हा लोकांचा संताप अनावर झाला होता.

प्रश्न रास्त आहे. ‘मुलं निरागस असतात’ असं गोड उत्तर देऊन तो मिटत नाही. मात्र उत्तर शोधण्यासाठी एका देशाचा मोठा अनुभव आपल्या हाताशी आहे. ‘गुन्हा मोठ्यांचा, तर शिक्षाही मोठ्यांची’ हे सूत्र अमेरिकेने शेवटच्या टोकापर्यंत राबवलं. चौदा वर्षांच्या मुलांना मरेपर्यंत तुरुंगात ठेवण्याच्या शिक्षा तिथे दिल्या गेल्या, आणि पुढे त्यातल्या कित्येक शिक्षा त्याच देशाला मागे घ्याव्या लागल्या. असं का झालं, ते एकेक पायरी चढत पाहू.

१. मुलांचं न्यायालय वेगळं का काढलं?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतही मुलं आणि मोठी माणसं एकाच न्यायालयात उभी राहत आणि अनेकदा एकाच कोठडीत झोपत. शिकागोच्या गरीब वस्तीत जेन ॲडम्स यांची ‘हल हाउस’ ही संस्था होती. तिथल्या कार्यकर्त्या स्त्रियांना या मुलांची परतल्यावरची अवस्था दिसत होती. त्यांच्या आणि शहरातल्या इतर सुधारकांच्या खटपटीतून १८९९ साली शिकागोत अमेरिकेतलं पहिलं बाल न्यायालय सुरू झालं. या मुलाने काय केलं, एवढंच न विचारता याचं पुढे काय करता येईल, हेही न्यायाधीशाने विचारावं, ही त्यामागची कल्पना होती.

या मायाळू कल्पनेत एक उणीव राहून गेली. न्यायालय मुलाचं भलंच करणार, असं गृहीत धरल्यामुळे वकील, साक्षीदार, अपील यांची गरजच कोणाला वाटेना. १९६४ साली ॲरिझोना राज्यात जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलावर शेजारणीला फोनवर अश्लील बोलल्याचा आरोप आला. पोलिसांनी आईवडिलांना न सांगता त्याला उचललं. वकील दिला नाही, तक्रार करणारी बाई न्यायालयात आलीच नाही, आणि न्यायाधीशाने त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत, सुधारगृहात पाठवलं. हाच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मुलालाही वकील मिळाला पाहिजे, साक्षीदाराची उलटतपासणी घेता आली पाहिजे आणि गप्प राहण्याचा हक्क असला पाहिजे.

यातून पहिला धडा मिळतो. मुलांसाठी वेगळं न्यायालय असणं पुरेसं नाही. त्या न्यायालयावरही कायद्याची नजर असावी लागते.

२. कळणं आणि आवरणं

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चाकू मारला की माणूस मरतो, हे सतरा वर्षांच्या मुलाला कळत नाही का? कळतं. या वयातली मुलं शांतपणे विचार करतात तेव्हा बरंवाईट बहुतेक मोठ्या माणसांइतकंच ओळखतात. फरक पडतो तो ऐन वेळी.

दूध उतू जातं हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही ते उतू जातं, कारण उपयोग ठाऊक असण्याचा नसतो. फेस वर चढू लागला की त्या क्षणी हात शेगडीच्या बटणापर्यंत पोचण्याचा असतो. मेंदूतही असंच घडतं. राग, भीती, थरार, मित्रांसमोर कमी न पडण्याची ऊर्मी यांच्याशी संबंधित भाग किशोरवयाच्या सुरुवातीलाच जोरात काम करू लागतात. परिणामांचा विचार करून हात मागे घ्यायला लावणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. फेस चढायला लागलेला असतो, पण बटणापर्यंत जाणारा हात अजून सवयीचा झालेला नसतो.

मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे एका साध्या प्रयोगातून दाखवलं. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ काहींना एकट्याने खेळायला दिला आणि काहींना मित्रांच्या देखत. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. प्रौढांच्या खेळात मात्र मित्र असण्या-नसण्याने विशेष फरक पडला नाही. मुलांचे अनेक गुन्हे टोळक्यात का होतात, याचं एक कारण इथे सापडतं.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली मांडलं, की किशोरवयात कायदा मोडणाऱ्या मुलांचे दोन गट असतात. मोठा गट वय वाढतं तसा आपोआप त्या वाटेवरून बाजूला होतो. लहान गट पुढेही तसाच वागत राहतो. खरी अडचण अशी, की पंधराव्या वर्षी एखादा मुलगा यापैकी कोणत्या गटातला, हे एका गुन्ह्यावरून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

३. जन्मठेप म्हणजे नेमकी किती?

आपल्याकडे जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असा समज आहे. कायद्याने ती शिक्षा आयुष्यभराची असते. मात्र ठरावीक वर्षं झाल्यावर शिक्षेत सूट देण्याचा अधिकार सरकारला असतो. म्हणजे दार बंद असलं तरी त्याला कडी असते.

अमेरिकेत या कडीला पॅरोल म्हणतात. आपल्याकडे पॅरोल म्हणजे कैद्याची तात्पुरती रजा. तिकडे पॅरोल म्हणजे काही वर्षांनी मंडळाने कैद्याचं वागणं तपासून अटींवर केलेली सुटका. आणि तिथे ‘पॅरोलविना जन्मठेप’ अशीही एक शिक्षा आहे. तिच्यात दाराला कडीच नसते. कैदी शिकला, बदलला, म्हातारा झाला, तरी कोणी फेरविचार करत नाही.

ही शिक्षा वयानुसार कशी बदलते, ते एका छोट्या हिशेबाने पाहू. समजा, दोन माणसांना एकाच दिवशी पॅरोलविना जन्मठेप झाली. एक छप्पन्न वर्षांचा, दुसरा सोळा वर्षांचा, आणि दोघंही शहात्तराव्या वर्षी वारले. पहिल्याने वीस वर्षं शिक्षा भोगली, दुसऱ्याने साठ. कागदावर शिक्षा एकच होती, पण ज्याची समज कमी पिकलेली त्याच्या वाट्याला तिप्पट तुरुंग आला.

४. भीतीतून आलेले कायदे

इतकी कडक शिक्षा मुलांना द्यावी, असं एका लोकशाही देशाला का वाटलं? १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत तरुणांच्या हातून होणारे खून वाढत होते. वर्तमानपत्रं त्या बातम्यांनी भरलेली होती. १९९५ साली प्रिन्स्टन विद्यापीठातले प्राध्यापक जॉन डियुलिओ यांनी इशारा दिला, की दयामाया नसलेल्या, हिंस्र मुलांची एक पिढी येऊ घातली आहे. या मुलांसाठी त्यांनी ‘सुपरप्रिडेटर’ हा शब्द वापरला. राजकारण्यांनी तो उचलला, आणि बोलणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा काळा मुलगा उभा राहू लागला.

त्या दशकात जवळजवळ सगळ्या राज्यांनी कायदे बदलले. कुठे मुलांना मोठ्यांच्या न्यायालयात पाठवणं सोपं केलं, कुठे हा निर्णय न्यायाधीशाऐवजी सरकारी वकिलाच्या हाती दिला, कुठे ठरावीक गुन्ह्यांसाठी मूल आपोआप मोठ्यांच्या न्यायालयात जाऊ लागलं.

ती हिंस्र पिढी आलीच नाही. इशारा दिला गेला तेव्हा मुलांच्या गुन्ह्यांचा आलेख खाली यायला सुरुवातही झाली होती. डियुलिओ यांनी पुढे आपलं भाकीत चुकल्याचं मान्य केलं, आणि अशा शिक्षांविरोधात सर्वोच्च न्यायालयात सादर झालेल्या निवेदनावर सहीदेखील केली. पण तोपर्यंत कायदे झाले होते आणि मुलं आत गेली होती.

५. चार वर्षं, तीस वर्षं की आयुष्यभर?

कडक कायदा निदान सगळ्यांना सारखा लागू होतो, असं आपल्याला वाटतं. टेरन्स ग्रॅहमची कहाणी हा समज खोटा ठरवते. फ्लोरिडातला हा मुलगा सोळाव्या वर्षी एका रेस्टॉरंटच्या दरोड्यात सामील झाला. त्याला चांगल्या वर्तनाच्या अटीवर सोडलं गेलं. अठराव्या वाढदिवसाला ३४ दिवस उरले असताना तो घरफोडी करून लुटल्याच्या आरोपाखाली पुन्हा सापडला. त्याच्या हातून कोणाचा जीव गेला नव्हता. तुरुंग खात्याने जास्तीत जास्त चार वर्षांची शिफारस केली. सरकारी वकिलाने तीस वर्षं मागितली. न्यायाधीशाने जन्मठेप दिली, आणि फ्लोरिडाने पॅरोल पूर्वीच रद्द केलेला असल्याने ती मरेपर्यंतची ठरली. मुलगा तोच, गुन्हा तोच, आणि उत्तरं तीन.

हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा एक आकडेवारी समोर आली. मुलपणी केलेल्या गुन्ह्यासाठी, खून न करताही, अशी शिक्षा भोगणारे १२३ जण देशात होते. त्यातले ७७ एकट्या फ्लोरिडात. मुलाने काय केलं यापेक्षा राज्याच्या हद्दीच्या कोणत्या बाजूला केलं, यावर त्याचं आयुष्य ठरत होतं.

दुसरं उदाहरण आर्कान्सा राज्यातलं. चौदा वर्षांचा कंट्रेल जॅक्सन १९९९ साली दोन मुलांबरोबर एक व्हिडिओचं दुकान लुटायला निघाला. एकाकडे बंदूक आहे, हे त्याला वाटेत कळलं. आधी तो दुकानाबाहेरच थांबला, नंतर आत गेला. दुसऱ्या मुलाने दुकानातल्या बाईला गोळी घातली. तिथल्या कायद्यानुसार दरोड्यात खून झाला की दरोड्यात सामील असलेला प्रत्येक जण खुनी ठरतो. जॅक्सनलाही पॅरोलविना जन्मठेप झाली, आणि ती बंधनकारक होती. त्याचं वय आणि त्याचा प्रत्यक्ष वाटा विचारात घेण्याची मुभाच न्यायाधीशाला नव्हती.

यात रंगाचा भागही मोठा आहे. अमेरिकेतल्या किशोरांमध्ये काळ्या मुलांचं प्रमाण साधारण सातात एक असं आहे. मात्र मुलपणी केलेल्या गुन्ह्यासाठी पॅरोलविना जन्मठेप झालेल्यांमध्ये ती निम्म्याहून जास्त आहेत.

६. सर्वोच्च न्यायालयाचा परतीचा प्रवास

२००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की गुन्हा करताना अठरा वर्षं पूर्ण न झालेल्यांना देहदंड देता येणार नाही. २०१० साली ग्रॅहमच्या खटल्यात निकाल लागला, की खून नसेल तर मुलांना पॅरोलविना जन्मठेप देता येणार नाही. २०१२ साली इव्हान मिलर आणि जॅक्सन यांचे खटले ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाने लढवले. गुन्ह्याच्या वेळी दोघंही चौदा वर्षांचे होते. खुनासाठीसुद्धा ही शिक्षा बंधनकारक ठेवता येणार नाही, न्यायाधीशाने मुलाचं वय आणि परिस्थिती पाहिलीच पाहिजे, असं न्यायालयाने ठरवलं. २०१६ साली हा नियम जुन्या कैद्यांनाही लागू झाला.

तो निकाल हेन्री मॉन्टगोमेरी यांच्या नावाने ओळखला जातो. १९६३ साली, सतराव्या वर्षी, लुइझियानात एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनासाठी ते पकडले गेले होते. स्वतःच्याच नावाचा खटला जिंकल्यावरही पॅरोल मंडळाने त्यांची सुटका दोनदा नाकारली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते बाहेर आले तेव्हा पंच्याहत्तर वर्षांचे होते.

हा प्रवास सरळ नाही. २०२१ साली त्याच न्यायालयाने सांगितलं, की मुलाला पॅरोलविना जन्मठेप देण्यापूर्वी ‘हा सुधारण्यापलीकडचा आहे’ असा वेगळा निष्कर्ष नोंदवण्याची गरज नाही. निम्म्याहून जास्त राज्यांनी मुलांसाठी ही शिक्षा रद्द केली आहे. उरलेल्या राज्यांत ती अजून देता येते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेत अठराखालच्यांना फाशी आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप या दोन्ही शिक्षांना मनाई आहे. भारताने ती १९९२ साली स्वीकारली. अमेरिकेने सही केली, पण मंजुरी आजही दिलेली नाही.

७. न्यायालयच चुकलं तर?

आतापर्यंत आपण मुलाने गुन्हा केलाच होता, असं धरून चाललो. पण चुका न्यायालयाकडूनही होतात, आणि मूल त्या चुकांपुढे सगळ्यात हतबल असतं.

जॉर्ज स्टिनी हा साउथ कॅरोलायनातला चौदा वर्षांचा काळा मुलगा. १९४४ साली दोन गोऱ्या मुलींच्या खुनाच्या आरोपावरून त्याचा खटला एका दिवसात उरकला. फक्त गोऱ्या माणसांच्या ज्युरीने दहा मिनिटांत त्याला दोषी ठरवलं आणि तीन महिन्यांच्या आत त्याला विजेच्या खुर्चीत बसवून मारलं. सत्तर वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, न्यायालयाने तो खटला अन्याय्य ठरवून निकाल रद्द केला.

ही जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये सोळा वर्षांच्या कलीफ ब्राउडरला बॅग चोरल्याच्या आरोपावरून पकडलं. जामिनासाठी तीन हजार डॉलर हवे होते. घरच्यांकडे ते नव्हते. खटला न चालताच तो रायकर्स आयलंडच्या तुरुंगात सुमारे तीन वर्षं राहिला, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. शेवटी सरकारने आरोपच मागे घेतले. सुटल्यानंतर दोन वर्षांनी, २०१५ साली, त्याने आत्महत्या केली.

पेनसिल्व्हेनियातल्या लुझर्न काउंटीत तर न्यायाधीशच विकले गेले. मार्क शिव्हरेला आणि मायकल कोनाहन या दोघांनी खासगी सुधारगृहांशी संबंधित लोकांकडून सुमारे २८ लाख डॉलर घेतले. शिव्हरेला यांच्यासमोर मुलांची सुनावणी काही मिनिटांत आटपे. अनेकांना वकील नसे. शाळेतल्या अधिकाऱ्याची इंटरनेटवर टिंगल करणाऱ्या मुलीलाही कोठडीत धाडलं गेलं. प्रकरण उघडकीला आल्यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हजारो निकाल रद्द केले. २०११ साली शिव्हरेला यांना २८ वर्षांची, तर कोनाहन यांना साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली.

८. पुण्यातली दोन प्रकरणं

आपल्याकडे १९८६च्या कायद्यात सोळाखालचा मुलगा आणि अठराखालची मुलगी ‘बाल’ धरली जात. २००० साली दोघांसाठी मर्यादा अठरा झाली. दिल्लीच्या घटनेनंतर २०१५चा कायदा आला. त्यानुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त किमान शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाची बाल न्याय मंडळ प्राथमिक तपासणी करतं आणि त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालवायचा का, हे ठरतं. एक भिंत मात्र कायद्याने शाबूत ठेवली आहे : अशा मुलाला फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

ही भिंत असूनही काय होऊ शकतं, ते पुण्याने पाहिलं आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये एका घरात पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली. अतिशय क्रूर गुन्हा होता. पकडलेल्यांपैकी राजस्थानातून आलेल्या एकाचं वय कागदोपत्री विशीच्या पुढचं लागलं. त्याला फाशी झाली आणि २००० साली ती सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली. पुढे गावातल्या शाळेची नोंद समोर आली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. त्या वयाच्या मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येत होतं. त्याने अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ, त्यातला बराचसा फाशीच्या सावटाखाली, तुरुंगात काढला होता. शाळेचा एक दाखला वेळेवर शोधणारं कोणी त्याच्याजवळ नव्हतं.

त्याच शहरात मे २०२४ मध्ये भरधाव महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी अठराला काही महिने कमी असलेला श्रीमंत घरातला मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप. काही तासांत त्याला जामीन मिळाला, आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. मग रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. डॉक्टर आणि आईवडिलांनाही अटक झाली. लोक चिडले, आणि चिडण्यासारखंच होतं. पण चीड नेमकी कशाची, हे नीट पाहायला हवं. कायदा मुलांबाबत मवाळ आहे, ही इथली खरी तक्रार नाही. तोच मवाळपणा एकाला काही तासांत मिळतो आणि दुसऱ्याला अठ्ठावीस वर्षांनी, ही तक्रार आहे. कायदा कडक केल्याने ही तफावत मिटणार नाही. कडक कायद्यातूनही पैसेवाला वाट काढेल आणि दाखला नसलेला मुलगा आणखी खोल अडकेल.

९. मग शिक्षाच करायची नाही का?

करायची. ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्या दुःखाला आरोपीचं वय कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही कोणी करू नये. गंभीर गुन्ह्यातल्या मुलाला समाजापासून काही काळ दूर ठेवावं लागतं. प्रश्न फक्त इतकाच आहे, की त्या शिक्षेला पुन्हा तपासण्याची सोय ठेवायची की नाही.

सुरक्षिततेच्या बाजूने पाहिलं तरी उत्तर तेच येतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नेमलेल्या अभ्यासगटाने २००७ साली निष्कर्ष काढला, की मोठ्यांच्या न्यायव्यवस्थेत पाठवलेली मुलं पुढे जास्त हिंसा करतात. याउलट, मुलपणी जन्मठेप झालेले आणि २०१६च्या निकालानंतर फिलाडेल्फियात सुटलेले १७४ जण संशोधकांनी अभ्यासले. त्यातले फक्त दोघं नव्या गुन्ह्यात दोषी ठरले होते.

म्हणून मुलाला मोठ्याची शिक्षा का नको, याची दोन कारणं आहेत. मूल बदलतं, आणि न्यायालय चुकतं. यातलं एकही कारण गुन्हा लहान करत नाही. पुढच्या वेळी अशी बातमी येईल तेव्हा मुलाला किती कडक शिक्षा व्हावी, हे विचारण्याआधी त्याच्या वयाचा पुरावा तपासला गेला का, त्याला चांगला वकील मिळाला का, आणि काही वर्षांनी त्याच्याकडे पुन्हा पाहणारं कोणी असेल का, हे विचारा. ज्या शिक्षेत ही शेवटची सोय नाही, ती मुलाला देण्याचा अधिकार कोणत्याही समाजाला नाही.